तुळजाबाईच्या हातचं नाक

सावळारामच्या नाकावर धोटा बसला तो वार गुरुवार होता. शुक्रवार असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती, कारण शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात आणि माणसानं कुठल्याही गल्लीतून खुशाल नाक वर करून चालावं. पण शिंप्यानं सफारीचं माप द्यायला बोलावलं होतं गुरुवारी, आणि सफारी शिवायची होती साखरपुड्यासाठी. साखरपुडा सावळारामचाच. दापोड्याच्या लडकू पाटलांची मैना त्याला सांगून आली होती, पसंती झाली होती, एकोणनव्वद सालच्या अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता. आता असा माणूस कसल्या खुशीत चालत असेल ते तुम्हीच बघा.

धामणकर नाक्यावरची गर्दी टाळायला म्हणून तो मागच्या गल्लीत शिरला. एका कारखान्याच्या खिडकीची जाळी नेमकी त्याच आठवड्यात दुरुस्तीला काढली होती. आत मागावर इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असलेला, कशाला तरी अडखळला, खिडकीतून उडाला आणि सरळ सावळारामच्या नाकाच्या दांड्यावर येऊन आदळला. सावळाराम गटाराच्या काठावर बसला. आतून माग चालवणारा मुख्तार धावत आला. त्यानं आधी धोटा उचलला, चिरला-बिरला नाही ना ते उलटसुलट करून बघितलं, आणि मग त्याला खाली बसलेला माणूस दिसला.

"या अल्ला! साब, आपकी नाक किधर है?"

नाक होतं जागेवरच, फक्त उजव्या गालाकडे सरकलं होतं. मुख्तारनं त्याला रिक्षात घातलं आणि घरी आणून सोडलं. तो एवढा घाबरला होता की रिक्षातून उतरताना सावळारामनंच त्याला हात दिला.

आता ही तुळजाबाई, म्हणजे सावळारामची आई, कोण ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तुळजाबाई तीस वर्षं त्यांच्या टेमघर गावातल्या तान्ह्या पोरांना न्हाऊ घालत होती. न्हाऊ घालणं म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे. तेल चोळायचं, डोकं गोल करायचं, आणि मुख्य म्हणजे चिमटीत धरून, अंगठ्यानं दाबून दाबून नाक सरळ करायचं. बाजारात चालली की ती हात दाखवून सांगायची, "त्यो बघ, बसका आल्ता, मीच काढला त्याचा नाक." एकदा निवडणुकीला दोन बाजूंचे दोन उमेदवार उभे होते आणि दोघांची नाकं तिच्या हातची निघाली. मत कोणाला द्यायचं या पेचात ती त्या वर्षी घरीच बसली.

आणि या सगळ्या नाकांत सावळारामचं नाक म्हणजे तिची खासियत. दुसऱ्यांच्या पोरांना चाळीस दिवस, याला तिनं सबंध वर्षभर घडवलं होतं. नवरा लवकर गेला, घरात दोघंच, आणि पोराचं नाक म्हणजे चाफेकळी. ते नाक गालाकडे सरकलेलं बघून ती रडली नाही. मुख्तारकडे बघून एवढंच म्हणाली, "तीस वरसांचा काम तू एका फटक्यात मोडलास रं."

मुख्तारला मराठी बेताचंच समजायचं, पण हे त्याला बरोबर समजलं.

शस्त्रक्रिया कल्याणच्या एका डॉक्टरांनी केली. चांगली केली, त्यात शंका नाही. पण तुळजाबाईनं डॉक्टरांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून विचारलं, "तुमचा नाक कोनी केला?" डॉक्टर हसले, म्हणाले, देवानं. तुळजाबाई बाहेर येऊन मुलाला म्हणाली, "त्याचाच डाव्या अंगाला झुकल्याला हाय. त्यो तुझा काय सरल करनार!" तिथून तिचा त्या माणसावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

डॉक्टरांनी बजावलं, "सावळाराम, नाकाला घाई चालत नाही. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागेल. तोवर बोट लावायचं नाही. चोळायचं नाही, दाबायचं नाही, पालथं झोपायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. वासही तोवर येणार नाही. सूज उतरली की येईल."

वर्ष! साखरपुडा दोन महिन्यांवर. सावळारामनं आरशात बघितलं. नाक सरळ होतं, पण बटाट्याएवढं.

मग सल्ले सुरू झाले. भिवंडीत माणसाला एकटं वाटू नये याची काळजी सगळे घेतात. शेजारच्या पुतळाबाईनं आंबेहळदीचा लेप सांगितला. चहावाल्या मोहिउद्दीनचाचांनी जैतुनाचं तेल सुचवलं आणि वर दम दिला, "लावायचं नाय, नुसतं बघायचं." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मग पुतळाबाईला कळलं की सुजेला बर्फ चांगला. तिनं मासळीबाजारातून बर्फ आणला आणि फडक्यात बांधून रोज त्याच्या नाकावर ठेवला. आठ दिवस सावळाराम बोंबलाचा वास मारत कचेरीत जात होता आणि ते न कळणारा त्या कचेरीत तो एकटाच होता. बाजूच्या टेबलावरचा माणूस आपलं टेबल खिडकीशी ओढून बसला, तेव्हा याला वाटलं की त्याला उजेड हवा असेल.

कचेरीचं तर वेगळंच. सावळाराम एका सरकारी कचेरीत बारनिशीला कारकून होता. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर देणं आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर देणं हे त्याचं काम. त्यानं रजेचा अर्ज दिला तेव्हा बडेबाबू म्हणाले, "कारण 'नाक' लिहिलंय. तुम्ही नाकानं लिहिता का?" रजा कशीबशी मिळाली. परत रुजू व्हायला गेला तेव्हा बडेबाबूंनी पूर्ण बरं झाल्याचा दाखला मागितला. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरं वर्षानं होणार, आत्ता कसा देऊ? बडेबाबू म्हणाले, मग वर्षानं रुजू व्हा. शेवटी सावळारामनं कामावर घेण्याचा विनंतीअर्ज लिहिला, स्वतःच्याच टेबलावर त्याला आवक नंबर दिला, वर पाठवला, तो "दाखला जोडावा" असा शेरा मारून खाली आला, आणि त्याला जावक नंबर देऊन यानं तो स्वतःच स्वतःला पाठवला. असं चार वेळा झाल्यावर बडेबाबूच कंटाळले आणि म्हणाले, बसा.

या सगळ्यात मुख्तार दर शुक्रवारी सुट्टीचा यायचा. नमाज झाली की धुवट कपड्यांत दारात उभा. मनाला लागलं होतं त्याच्या. त्याला बोलून काही सांगता येईना, म्हणून त्यानं आपल्या धंद्याची रीत काढली. खिशातून सूत काढायचा, या गालापासून त्या गालापर्यंत नाकाच्या दांड्यावरून धरायचा, तोडायचा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या शुक्रवारखाली खळ लावून चिकटवायचा. पहिले तीन-चार महिने सूत आखूड होत गेलं. मुख्तारचा चेहरा उजळत गेला. आणि मग आषाढापासून ते थांबलं. एका मापावर अडलं. शुक्रवारमागून शुक्रवार, सगळी सुतं सारखी.

"क्यूं नहीं उतरती, सावलाभाई?" मुख्तार कासावीस होऊन विचारायचा.

सावळारामला माहीत होतं, का ते.

भिवंडीत आमच्या बाजूला नळाला पाणी पहाटे साडेपाचला यायचं. तुळजाबाई उठायची, पिंप नळाखाली लावायची. एका पहाटे सावळाराम जागा झाला तो कपाळावर ऊब जाणवून. डोळा किलकिला केला. आई उशाशी बसली होती, जवळ तेलाची वाटी, आणि तिचा अंगठा त्याच्या नाकाच्या दांड्यावरून वरून खाली, वरून खाली फिरत होता. दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं. तो ओरडणारच होता. पण तिच्या तोंडातून बारीक आवाजात काय येत होतं ते त्याच्या कानावर पडलं.

"सरल हो रं माझ्या राजा. चाफ्याची कली हो. एक... दोन... तीन..."

ती तान्ह्या पोराशी बोलत होती. सावळाराम एकोणतीस वर्षांचा बारनिशी कारकून, आणि तो डोळे मिटून पडून राहिला. आईचा हात तोंडावरून फिरून त्याला किती वर्षं झाली होती! शाळेत जायला लागल्यापासून नाही. त्यानं ठरवलं, उद्या सांगू.

उद्याही सांगितलं नाही. परवाही नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "कोणी हात लावतं का नाकाला? चोळतं?"

"नाही," सावळाराम म्हणाला. सरळ नाकानं खोटं बोलला.

त्या दिवशी घरी येऊन त्यानं ठरवलं की आता पुरे. दुसऱ्या पहाटे तो भिंतीकडे तोंड करून झोपला. आई आली, उशाशी बसली. तेलाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बराच वेळ बसली, मग उठून गेली. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. संध्याकाळी ती पुतळाबाईला ओट्यावर सांगत होती, "आता कोन बोलावतो मना? सगली पोरा दवाखान्यात व्हतान. तिथं न्हानी न्हाय का तेल न्हाय. मेले, तीस वरसा हे हात कंदी मोकले न्हवते. आता निसते मांडीवर पडल्यात."

सावळारामनं ते ऐकलं. पुढच्या पहाटे तो पाणी यायच्या आधीच उताणा झोपला होता.

आणि गंमत बघा, लग्न पुढे ढकलत होती तीही तुळजाबाईच. लडकू पाटील बिचारे सरळ माणूस. ते म्हणाले, "विहीनबाय, नाकाचा काय घेऊन बसल्यात? पोरगा चांगला हाय, सरकारी हाय. उडवू बार." तुळजाबाई ऐकायची नाही. "असा नाक घेऊन माझा पोरगा बोहल्यावर चढायचा न्हाय. लोका काय बोलतील? तुलजाच्या हातात काय उरला न्हाय, ह्येच ना? मना सून बघायची घाई न्हाय व्हय? तुमच्यापेक्षा जास्त हाय. पन माझ्या पोराचा नाक मी नीट करून देनार." साखरपुड्याची अक्षय्य तृतीया गेली. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला, तोही गेला. मग माघ ठरला.

माघातला मुहूर्तही पुढे ढकलायला मायलेक दापोड्याला गेले, तेव्हाची गोष्ट. घर माणसांनी भरलेलं, सगळे सावळारामभोवती. लडकू पाटलांनी उजव्या बाजूनं बघितलं, त्यांच्या बहिणीनं डाव्या. एकानं उजेडात घे म्हणून त्याला दारात नेलं. तेवढ्यात मैना पाणी घेऊन आली आणि वाकून तुळजाबाईच्या पाया पडली. उठायच्या ऐवजी तशीच थांबली.

"मावशी, तुमचे पाय सुजलेत किती! बोट लावलं तर खळगा पडतोय."

"चप्पल चावली गो," तुळजाबाई म्हणाली आणि पाय लुगड्यात ओढून घेतले.

लडकू पाटील पोरीवर खेकसले, "तुला काय पाय बघायला बोलावलंय? जा, चहा ठेव." सावळारामनं हे सगळं ऐकलं. ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी धामणकर नाक्यावरून आईसाठी एक माप मोठी चप्पल आणली. केवढं मोठं काम केलं असं वाटलं त्याला! त्या घरात वर्षभर एका नाकाची सूज दर शुक्रवारी सुतानं मोजली जात होती, भिंतीवर चिकटवली जात होती, पंचवीस माणसं तिच्याबद्दल विचारत होती. पायांवरची सूज कुणी मोजली नाही. पिंप भरताना ती मधेच थांबून दम खायची, तेव्हा सावळाराम आतून म्हणायचा, "आई, हळू भर गं, घाई नाही." यापेक्षा जास्त त्याला काही सुचलं नाही.

चैत्रात एका पहाटे नळाला पाणी आलं. सावळाराम जागाच होता. उताणा झाला, डोळे मिटले. पिंप भरल्याचा आवाज आला. मग पिंप भरून पाणी वाहायला लागलं. त्याला वाटलं, आता नळ बंद करेल आणि येईल. पाणी वाहत राहिलं. ते उंबऱ्यावरून आत आलं, त्याच्या गोधडीच्या कोपऱ्याला लागलं, तरी तो डोळे मिटूनच होता. काय करायचं अशा माणसाला! वाट बघत होता तो.

मग उठला. तुळजाबाई पिंपाशेजारी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. तेलाची वाटी जवळ होती आणि तेल अजून कोमट होतं.

मृत्यूचा दाखला द्यायला आलेल्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी तिचे पाय दाबून बघितले आणि विचारलं, "ही सूज कधीपासून होती?" सावळाराम बारनिशीचा माणूस. आल्या कागदाची तारीख त्याला झोपेतही सांगता यायची. ही तारीख त्याच्याकडे नव्हती.

मुख्तार खांदा द्यायला आला. नंतरचे शुक्रवारही येत राहिला, पण सूत काढायला त्याला धीर होईना. नुसता बसायचा आणि जायचा. चाळीस दिवस झाल्यावर एका शुक्रवारी त्यानं भीत भीत खिशात हात घातला. सावळारामनं नाक पुढे केलं. मुख्तारनं सूत धरलं, तोडलं, भिंतीवरच्या जुन्या सुताशेजारी लावलं, आणि ओरडलाच.

"उतर गयी! सावलाभाई, उतर गयी! ये देखो, बोटभर कम!"

"परत मोज," सावळाराम म्हणाला.

मुख्तारनं परत मोजलं. तेवढंच भरलं. सव्वा वर्षाचं ओझं उतरल्यासारखा तो हसला, पुतळाबाईला हाक मारली, मोहिउद्दीनचाचांना बोलावलं. चाचा म्हणाले, "बघितलंस? नुसतं बघायचं, लावायचं नाय." सगळ्यांनी सावळारामची पाठ थोपटली. सावळाराम ढसाढसा रडत होता आणि सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडतोय. काही माणसं आनंदानं रडतातही.

कल्याणचे डॉक्टर फार खूश झाले. "बघा, मी म्हणत होतो. हात नाही लावला की आपोआप उतरते. आता खरं सांगा, कोणी चोळत होतं ना?"

"आई," सावळाराम म्हणाला.

"अहो, मग तेव्हा का नाही सांगितलं? एक शब्द बोलला असतात तर माघाच्या मुहूर्तापर्यंत उतरली असती! तुमचं ते लग्न अडलं होतं ना? ते झालं असतं, आईनं सून बघितली असती." बोलून गेल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते मान खाली घालून पूर्ण बरं झाल्याचा दाखला लिहू लागले. एवढं सगळं होऊन अखेर तो दाखला मिळाला. सावळारामनं त्याला आवक नंबर दिला आणि फाइलला लावला. बडेबाबू म्हणाले, आता याची गरज नव्हती.

सुतक संपलं, वर्षाच्या आत लग्न उरकायचं असं लडकू पाटलांनी ठरवलं. मैनाचा निरोप आला होता, एवढाच, की लग्नाआधी कुणाला तरी घर आवरायला बोलवा, तुम्हाला एकट्याला जमायचं नाही. मग पुतळाबाई आली. भांडी घासली, जळमटं काढली, सुतं चिकटवलेलं कॅलेंडर काढायला गेली तर सावळाराम म्हणाला, ते राहू दे. मग तिनं त्याची उशी उचलली आणि अभ्रा ओढून काढला.

"शी! किती तेलकट हा! आणि वास बघ कसला मारतोय!"

सावळारामला तेव्हाही काही कळलं नाही. मग अभ्रा त्याच्या तोंडाजवळून गेला आणि तो होता तिथंच थांबला. सव्वा वर्षात त्याच्या नाकाला आलेला तो पहिला वास. खोबरेल तेल, त्यात कढवलेला ओवा आणि लसणीची पाकळी. टेमघरातल्या ज्या ज्या घरात तान्हं पोर होतं, त्या घरात आईबरोबर जाऊन त्यानं तो वास लहानपणी घेतला होता. पोरांना लावायचं तेल. वर्षभर ती त्याला रोज कुठलं तेल लावत होती, ते त्याला आज कळत होतं.

"दे इकडे," तो म्हणाला.

"अरे, धुवायला टाकते! नवी नवरी यायचीय घरात, असला अभ्रा बघून काय म्हणेल ती?"

सावळारामनं तिच्या हातातून अभ्रा घेतला, उंबऱ्यात बसला आणि तो तोंडावर धरला. वास जाईल या भीतीनं त्यानं श्वाससुद्धा हळू घेतला.

"धुऊ नको, पुतळामावशी," तो अभ्र्याआडून म्हणाला. "मैनाला मी सांगीन. पाय तिलाच दिसले होते."